गुलमर्गचा बर्फ आणि राजाराम बंधाऱ्याचे फूट

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाणी किती फुटांवर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा इथं शाळेतल्या पोरापासून भाजीवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर असतो, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि त्याच्या वरचे आकडे सांगताना आवाज आपोआप खाली येतो कारण २०१९ ला ५५ च्या पुढं आणि २०२१ ला ५६ च्या पुढं गेलेलं पाणी घरात घेतलेली माणसं आपल्याच गल्लीत राहतात. पण गंमत बघा, हा आकडा सांगणारा माणूस डोक्यावरच्या आभाळाकडं बघत नाही. शहरात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तो म्हणतो, "रात्री वाढणार बघ, गगनबावड्याला पडालाय." राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, ते पाणी इथवर यायला किती तास, म्हणजे पहाटेपर्यंत शिवाजी पुलाची मच्छिंद्री होणार का नाही, पाणी पुलावरच्या माशाच्या खुणेला टेकणार का नाही. हे सगळं गणित चहाचा कप रिकामा व्हायच्या आत झालेलं असतं.

मला हे सांगायचंय ते बर्फाबद्दल.

डिसेंबर लागला की मला गुलमर्गचं वेड लागतं. मागं एकदा फेब्रुवारीत तिकडं गेलो, पायात स्की घालून लहान पोरांच्या उतारावर धडपडलो, आणि परत आल्यावर स्कीइंग सुटलं पण तिथल्या हवामानाचा नाद काही सुटला नाही. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो, समोर चौदाशे डिग्रीचं लोखंड साच्यात ओतताय आणि मी बाजूला उभा राहून मोबाइलवर गुलमर्गच्या वरच्या अफरवाट डोंगराच्या माथ्यावर उद्या उणे अकरा की उणे तेरा ते बघतोय, अशी अवस्था. शिफ्टमधली पोरं विचारतात, "काय साहेब, आज किती फुटांवर?" चेष्टेनं विचारतात, पण प्रश्न बरोबर आहे. कारण इतकी वर्षं बघून माझं एक मत पक्कं झालंय की बर्फाचा अंदाज वाचायला जे डोकं लागतं ते पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाकडं आधीच असतं, फक्त तिकडं गेल्यावर तो ते हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून ट्रॅव्हल एजंटला फोन लावतो. "बर्फ आहे ना?" म्हणून.

आता "बर्फ आहे ना" ह्या प्रश्नाचं खरं उत्तर देताच येत नाही. कुठं आहे ते विचारा. गुलमर्ग गाव साधारण २६५० मीटरवर. तिथनं गोंडोला म्हणजे रोपवे निघतो, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे ३०८० मीटरच्या आसपास, आणि दुसरा टप्पा अफरवाटच्या खांद्यावर, ३९५० च्या आसपास. पहिला टप्पा १९९८ ला सुरू झाला, दुसरा २००५ ला, आणि ह्या दुसऱ्या टप्प्यामुळंच जगभरचे स्कीवाले गुलमर्गला यायला लागले. म्हणजे गावातनं वरच्या स्टेशनपर्यंत तेराशे मीटरचा फरक. हवा वर जाईल तशी थंड होते, सरासरी हजार मीटरला साडेसहा अंश, म्हणजे खाली शून्य असेल तेव्हा वर उणे आठ-साडेआठ. आपल्याला हे नवीन नाही. कोल्हापुरातनं पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं घाट चढायला लागलं की गाडीवर मागं बसलेला माणूस जर्किनची चेन वर ओढतो, तो फक्त चारशे मीटरचा फरक आहे, अडीच अंशाचा. तिकडं त्याच्या तिप्पट उंची आणि त्यात मधेच कुठंतरी शून्य अंशाची रेघ.

ती रेघ महत्त्वाची. स्कीवाले आणि हवामानवाले तिला फ्रीझिंग लेव्हल म्हणतात, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती उंची. वरून बर्फ पडत येतो, ही रेघ ओलांडून खाली आला की लगेच पाणी होत नाही, आणखी दोन-तीनशे मीटर तग धरतो आणि मग वितळतो. आता समजा फ्रीझिंग लेव्हल २७०० वर आहे. गुलमर्गला मस्त बर्फ, खालच्या टांगमार्ग गावात पाऊस. तीच रेघ ३३०० ला गेली तर गुलमर्गच्या हॉटेलच्या खिडकीतनं तुम्हाला चक्क पाऊस दिसणार, कोंगडोरीला ओला जड बर्फ, आणि अफरवाटला कोरडी पावडर. एकच दिवस, एकच ढग, तीन हवामानं. आणि तुमच्या मोबाइलमधलं साधं ॲप म्हणणार, "गुलमर्ग, स्नो, १८ सेंमी". कुठल्या उंचीचं ते सांगायची त्याला गरज वाटत नाही. त्यामुळं बघायचंच असेल तर जिथं पायथा, मध्य आणि माथा असे तीन आकडे वेगवेगळे देतात तिथंच बघावं, आणि बर्फाच्या सेंटिमीटरच्या आधी फ्रीझिंग लेव्हल बघावी. मी तर आधी तीच बघतो, ती कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना हातच लावत नाही.

ह्याच्यात आणखी एक भानगड आहे. हे अंदाज हवामानाच्या ज्या संगणक मॉडेलमधनं येतात ती मॉडेलं अख्ख्या पृथ्वीचे चौकोन पाडतात. युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा, अमेरिकन मॉडेलचा तेराचा. गोंडोलाची दोन्ही टप्प्यांची लांबी मिळून पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गुलमर्गची बाजारपेठ, कोंगडोरी आणि अफरवाट हे सगळं एका चौकोनात बसू शकतं, आणि मॉडेलच्या लेखी त्या चौकोनाला उंची एकच, सरासरीची. कागदावर डोंगर चेपलेला असतो. मग ती साइट आपल्या परीनं उंचीचा हिशोब करून तीन आकडे काढते, तो हिशोब कधी जमतो कधी नाही. आता हेच आपल्याकडं करून बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, कोल्हापूर शहरात हजारच्या आसपास, अंतर किती तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ह्या दोघांची सरासरी काढून कुणी सांगितलं की जिल्ह्यात तीन हजार पडतो, तर ते ना बावड्याच्या माणसाच्या कामाचं ना रंकाळ्यावर फिरायला आलेल्याच्या. डोंगर जवळ असला की सरासरी फसवते, मग तो सह्याद्री असू दे नाहीतर गुलमर्गचा पीर पंजाल.

आणि पीर पंजालचं काम सह्याद्रीसारखंच आहे, फक्त ऋतू उलटा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरनं वारं येतं आणि घाटमाथ्याला आपटून वर चढतं. तिकडं हिवाळ्यात पश्चिमेकडनं, भूमध्य समुद्राच्या बाजूनं, इराण-अफगाणिस्तान ओलांडत कमी दाबाचे पट्टे येतात, ज्यांना आपले पेपरवाले पश्चिमी विक्षोभ म्हणतात. तो विक्षोभ आला, बाष्प घेऊन आला, डोंगराला आपटला की बर्फ. आला नाही की कोरडं. मान्सूनसारखी चार महिन्यांची मुक्कामाची व्यवस्था नाही, एक येतो, दोन दिवस राहतो, जातो, मग दुसऱ्याची वाट बघत बसा. म्हणून तिकडचा हिवाळा म्हणजे नुसता बर्फच बर्फ असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते खरं नाही. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये हे विक्षोभ जवळजवळ आलेच नाहीत आणि ऐन सीझनमध्ये गुलमर्गचं मैदान तपकिरी गवताचं दिसत होतं, घोडेवाले घोडे घेऊन उभे आणि स्लेजवाले नुसते बसून. खरा बर्फ पडला तो जानेवारी संपता संपता. पुढच्या वर्षी पण तीच गत, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारी २०२५ ला सुरू व्हायचा होता, बर्फच नाही म्हणून पुढं ढकलला आणि शेवटी मार्चमध्ये झाला.

काश्मिरी लोक हिवाळ्याचा हिशोब वेगळाच करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, नंतर वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. त्यातल्या पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, थंडीनं घट्ट बसतो, आणि तोच उन्हाळ्यात सावकाश वितळून ओढ्यांना पुरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवढाच पडला तरी तो लवकर निघून जातो. हे मला टांगमार्गहून वर नेणाऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं. वयस्कर माणूस, चाकाला साखळ्या बांधताना हातमोजे काढून दातात धरलेले. मी आपलं बोलता बोलता म्हणालो की आमच्याकडं पूर येतो, आम्ही पण फूट मोजतो. तर त्यानं हातातली साखळी तशीच खाली ठेवली. म्हणाला, आम्ही पण! श्रीनगरात राम मुन्शी बागेत झेलमचं माप आहे, १८ फुटांवर पूर जाहीर होतो, नदीच्या वरच्या अंगाला संगमला काय चाललंय ते आम्ही आधी बघतो कारण ते पाणी नंतर आमच्याकडं येणार. सप्टेंबर २०१४ चं सांगायला लागला. मग मी २०१९ चं सांगितलं, बायपासवर थांबलेल्या ट्रकांच्या रांगा, हायवे बंद, शहरात दूध नाही पेट्रोल नाही. दोघं रस्त्याच्या कडेला बर्फात उभं राहून एकमेकांना फूट सांगतोय आणि गाडीत बसलेले माझे घरचे काचेवर टकटक करतायत की अहो चला, थंडी वाजतीय. तो माणूस संगमचं माप बघत होता, मी गगनबावड्याचा पाऊस. वरच्या अंगाला बघायची सवय त्याला पण होती.

तेव्हा त्यानंच मला ते दाखवलं जे कुठल्या ॲपमध्ये कळलं नसतं. रस्त्याकडेला बर्फाची कापलेली भिंत होती, यंत्रानं रस्ता मोकळा करताना कापलेली, कमरेएवढी. त्यानं त्यात बोटं घातली. सगळ्यात वर चार बोटं मऊ, फुंकर मारली तर उडेल असा. त्याच्याखाली एक पातळ कडक पापुद्रा, मधे कधीतरी ऊन पडून किंवा पाऊस होऊन वितळलेला आणि रात्री गोठलेला. त्याच्याखाली घट्ट थर, बोट जात नाही. आणि अगदी तळाला, जमिनीला लागून, सुट्टे टोकदार दाणे, मुठीत धरले तर बोटांतनं गळून जाणारे. गोळा होईना. मी दोनदा आवळून बघितलं. स्कीवाले त्याला शुगर स्नो म्हणतात. हा तयार कसा होतो तर सीझनच्या सुरवातीला थोडासाच बर्फ पडतो, मग बरेच दिवस कोरडं, रात्री आभाळ स्वच्छ आणि कडाक्याची थंडी. जमीन तुलनेनं उबदार, वरची हवा गोठलेली, मधला बर्फाचा थर पातळ, त्यामुळं खालची वाफ वर जाता जाता कणांचं रूप बदलत जाते आणि एकमेकांना धरून न ठेवणारे दाणे तयार होतात. आता ह्याच्यावर नंतर एका दमात दोन-तीन फूट बर्फ येऊन बसला तर तो कशावर बसलाय? त्या सुट्ट्या दाण्यांवर. तिथनंच ॲव्हलांच सुटते, म्हणजे उतारावरचा बर्फ एकदम घसरत खाली येतो.

म्हणजे बघा, आपण घरी बसून ज्या बातमीवर खूष होतो, "अखेर गुलमर्गला जोरदार हिमवर्षाव, पर्यटकांत आनंद", तीच बातमी अफरवाटच्या उतारावर सगळ्यात धोक्याची. लांबलेला कोरडा काळ आणि त्यावर अचानक मोठा बर्फ. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवाटच्या उतारावर ॲव्हलांचमध्ये दोन पोलिश स्कीयर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला, त्या उशिरा आलेल्या बर्फानंतर, एक रशियन स्कीयर गेला. ही अडाणी माणसं नव्हती, स्कीइंगसाठी म्हणून एवढ्या लांब आलेली. त्यामुळं बर्फाच्या अंदाजाबरोबर ॲव्हलांचचा इशारा बघितल्याशिवाय त्या अंदाजाला अर्थ नाही असं मला वाटतं, आपल्याकडं तो डीआरडीओची चंदीगडची संस्था देते आणि गुलमर्गला गोंडोलाचं स्की पेट्रोल म्हणजे गस्तीचं पथक असतं ते उतार बघून सांगतं. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या असतात आणि लोक तिसरीला मधली म्हणून सोडून देतात, खरंतर बरेचसे जीव तिसरीतच जातात कारण चौथी-पाचवीला माणूस आपणहून घरी बसतो. आमच्या इथं ४३ च्या वर गेलं की कुणी पाण्यात गाडी घालत नाही, ३९ ते ४३ मध्येच शहाणपणा करायला जातात आणि दरवर्षी एखादी गाडी बंधाऱ्यावरनं वाहून जाते.

आता मोजण्याचं. बर्फाचे तीन वेगळे आकडे असतात आणि तिन्ही सेंटिमीटरमध्येच असल्यामुळं खूप घोळ होतो. एक, गेल्या चोवीस तासात नवीन किती पडला. दोन, ह्या वादळात एकूण किती. तीन, जमिनीवर आत्ता एकूण किती साठलाय. नवीन बर्फ मोजायची पद्धत अगदी साधी, वारा न लागणाऱ्या सपाट जागी एक पांढरी फळी ठेवायची, ठरलेल्या वेळी त्यावरची जाडी मोजायची, फळी झाडून परत ठेवायची. पण बर्फ बसतो. काल संध्याकाळचे तीस सेंटिमीटर आज दुपारी वीस झालेले असतात, एक थेंब वितळला नसला तरी. त्यामुळं तीन दिवसांचे आकडे बेरीज करून "ऐंशी सेंटिमीटर" म्हणणारा आणि जमिनीवर पट्टी लावून "पन्नास" म्हणणारा, दोघं खरंच बोलत असतात. जगभर रिसॉर्टवाले ह्यातला मोठा आकडा जाहिरातीला वापरतात. माथ्यावरचा आकडा लिहितात आणि पाहुणा राहतो पायथ्याला. आमच्या ओळखीत एका ट्रॅव्हल एजंटनं तर त्याच्याही पुढं जाऊन "फुल स्नो सर" म्हणून व्हिडिओ पाठवलेला, पाच मिनिटं बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की मागं झाडांवर जेवढा बर्फ आहे तेवढा त्या आठवड्यात पडलेलाच नाही. गेल्या कुठल्यातरी वर्षीचा व्हिडिओ. त्याला विचारलं तर म्हणतो, सर गुलमर्ग तर तेच आहे ना.

मिलिमीटरचा हिशोब मात्र मला फार आवडतो. बर्फ वितळवून पाणी मोजलं तर ढोबळमानानं दहा सेंटिमीटर ताज्या बर्फाचं दहा मिलिमीटर पाणी होतं. थंडी कडक असेल तर बर्फ हलका, पंधरा सेंटिमीटरला दहा मिलिमीटर, कधी त्याहून जास्त. शून्याच्या आसपास असेल तर जड, पाचाला पण दहा. म्हणून सेंटिमीटरपेक्षा पाण्याचे मिलिमीटर आणि तापमान बघितलं तर डोकं शांत राहतं, सेंटिमीटर आपले आपण काढता येतात. आता गगनबावड्याला पावसाळ्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटर पडला तर आपण पेपरात तिसऱ्या पानावर वाचतो आणि पान उलटतो. तेच पाणी गुलमर्गच्या थंडीत पडलं असतं तर एका रात्रीत दोन मीटर बर्फ! हे मी शिफ्टमध्ये सांगितलं तर एकजण म्हणाला, "मग बावड्यालाच थंडी आणा की लगा, काश्मीरला कशाला जायला पाहिजे." औलीवाल्यांनी जवळजवळ हेच करून बघितलंय, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी तिथं बर्फ पाडायच्या तोफा आणल्या, पाणी साठवायला तळं केलं. पण तोफेला पण थंडी लागतेच, नुसतं तापमान नाही तर हवेतला ओलावा धरून जे तापमान निघतं ते उणे दोनच्या खाली पाहिजे, नाहीतर तोफेतनं निघतं ते नुसतं पाणीच.

अंदाजावर विश्वास किती ठेवायचा हे मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं म्हणणं असं की एका दिवशी एक आकडा बघून ठरवायचंच नाही. मॉडेलचा मुख्य रन रोज दोनदा निघतो, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवर, पुढं काही तासांनी निकाल बाहेर येतो. आठ दिवसांनंतरच्या बुधवारी ६० सेंटिमीटर दिसला म्हणून लोक तिकिटं काढतात, संध्याकाळच्या रनमध्ये तो बुधवार शुक्रवार होतो आणि ६० चे १५ होतात. युरोपियन मॉडेल तर एकच अंदाज पन्नासच्या वर वेगवेगळ्या सुरवातींनी चालवून बघतं. त्यातले चाळीस-पंचेचाळीस एकच गोष्ट सांगत असतील तर मी सरसावून बसतो, अर्धे इकडं आणि अर्धे तिकडं असतील तर सरासरी काढत बसत नाही, मोबाइल खिशात. पाच-सहा दिवसांच्या पलीकडचे सेंटिमीटर मी वाचतच नाही, फक्त विक्षोभ येतोय का नाही एवढंच बघतो. तीन दिवस आधी फ्रीझिंग लेव्हल. आदल्या दिवशी वारा.

वाऱ्याचं लोक विसरतात. अफरवाटच्या धारेवर वारा जोरात असला की गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद, मग खाली कितीपण ऊन असू दे. आणि वारा बर्फ उचलून एका बाजूचा दुसऱ्या बाजूला टाकतो, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरचा उतार खरवडून निघालेला आणि पाठीमागच्या खोबणीत दीड-दोन मीटर साठलेला, वरनं गुळगुळीत आणि दाबला तर पोकळ वाजणारा. फळीवर मात्र दोन्हींसाठी आकडा एकच, पंचवीस.

मधे वाचलं होतं की आपल्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ ला सिमल्याहून पुण्याला आलं, त्या इमारतीला पुण्यात लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, बसचा स्टॉपच आहे त्या नावाचा. बर्फाच्या गावाहून उठून कचेरी आली ती थेट शिवाजीनगरला. मला हे उगीचच फार आवडतं. असो.

तर सध्याचा विषय माझा भाचा. इंजिनिअरिंग झालंय, नोकरी लागायची आहे, आणि चार मित्र मिळून फेब्रुवारीत गुलमर्गला स्की शिकायला निघालेत. बहीण आठवड्याला दोनदा फोन करते. तिला हे सगळं वरचं मी एकदा सांगून बघितलं, फ्रीझिंग लेव्हल, थर, रन, सगळं. ती शांतपणे ऐकत होती, मागं कुकरच्या शिट्ट्या. मग म्हणाली, "दादा, ते सगळं राहू दे. जाऊ दे का नको तेवढं सांग."

म्हटलं, जाऊ दे. पण विमानाचं परतीचं तिकीट आणि गुलमर्ग सोडायचा दिवस ह्यात दोन दिवसांचं अंतर ठेवायला सांग, बर्फ पडला तर टांगमार्गचा रस्ता पण अडतो आणि श्रीनगरचं विमान पण. गाडी साखळीवालीच घ्यायला सांग. नवीन बर्फ पडून गेल्यावर पहिलं लख्ख ऊन पडतं त्या दिवशी सगळ्यांना वर जायची घाई होते, त्या दिवशी त्यानं खालीच मैदानावर शिकायचं, दुसऱ्या टप्प्याला जायचं नाही, आणि कुठल्याही दिवशी गस्तीवाल्यांनी दोरी बांधलीय तिच्या पलीकडं पाय टाकायचा नाही. हे त्याला मी पण सांगतो, पण तू सांगितलंस तर ऐकेल.

"बरं," म्हणाली. "आणि गमबूट इथनं महाद्वारला घेऊ का? तिथं महाग असतील."

म्हटलं नको, टांगमार्गला भाड्यानं मिळतात, फक्त मोजे दोन जोड्या जास्त दे.